पाय जाण्याआधीचे साठ तास

हा घटनाक्रम कोणा एका व्यक्तीचा नाही. कर्करोग पाठीच्या कण्यात पसरून मज्जारज्जूवर दाबू लागला की पुढे काय होतं, याचा क्रम जगभरच्या वैद्यकीय नोंदींत बहुतेक सारखाच सापडतो. तो क्रम इथे घेतला आणि त्याला पेडणे तालुक्यातलं एक घर, चवथीचे दिवस आणि एक बिननावाची बाई दिली. घर कल्पनेतलं आहे, आकडे खरे आहेत.

बाई अठ्ठावन्न वर्षांची. चार वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, केमो झाली, रोजची गोळी अजून चालू आहे. घरच्यांच्या लेखी तो विषय मिटला. पाठ दुखते ती तीन महिन्यांपासून. पण पेडण्यात पाठ कोणाची दुखत नाही?

शनिवार, संध्याकाळी ६. साठ तास बाकी.

ती पेडण्याच्या बाजारात माटोळीचं सामान घेते आहे. सुपारीचा घोस, तवसं, कांगलां. पिशवी उचलताना पाठीच्या मधोमध कळ येते आणि दोन्ही बाजूंनी पुढे बरगड्यांपर्यंत जाते, छातीभोवती कोणी पट्टा आवळावा तशी. खोकली तरी तसंच होतं. महिन्यापूर्वी गावातल्या दवाखान्यात दाखवलं होतं. कमरेचा एक्स-रे निघाला, वयाप्रमाणे झीज निघाली, डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन आणि कमरेचा पट्टा मिळाला. कर्करोगाचं तिने सांगितलं नाही, डॉक्टरांनी विचारलं नाही.

त्या एक्स-रेत काही दिसलं नाही याचं नवल नाही. मणक्याचं तीस ते पन्नास टक्के हाड खाल्लं जाईपर्यंत साध्या एक्स-रेला पत्ता लागत नाही. शिवाय फोटो कमरेचा होता आणि दुखणं होतं आठव्या पाठमणक्यात, डॉक्टर मंडळींच्या भाषेत डी-आठमध्ये. कण्यातल्या अशा गाठींपैकी साठ-सत्तर टक्के याच छातीमागच्या भागात असतात, आणि मज्जारज्जूची नळीही नेमकी इथेच सर्वांत अरुंद.

स्तन, फुप्फुस आणि प्रोस्टेट या तीन कर्करोगांना कण्याची वाट चांगली माहीत असते. ऑस्कर बॅटसन या अमेरिकन शरीररचनातज्ज्ञाने 1940 साली दाखवून दिलं की कण्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्याला झडपाच नसतात. त्यात रक्त दोन्ही दिशांना वाहू शकतं. खोकलं, कुंथलं, ओझं उचललं की छाती-पोटातलं रक्त या जाळ्यात शिरतं आणि त्याच्याबरोबर सुट्या पेशी मणक्यात जाऊन बसतात. चार वर्षं गप्प बसलेली पेशीही तिथे जागी होऊ शकते.

आज संध्याकाळी, या घटकेला, गाठ मणक्याच्या पुढच्या भागात आहे. मागची भिंत शाबूत, मज्जारज्जू मोकळा. आज एमआरआय झाला असता तर पुढचं काम बहुधा सुईने भागलं असतं.

या सुईच्या उपचाराची सुरुवात फ्रान्समध्ये आमियां शहरात झाली. 1984 साली गालिबेर आणि देरामों या दोन डॉक्टरांनी एका बाईच्या मानेच्या दुसऱ्या मणक्यात, रक्तवाहिन्यांच्या गाठीने पोखरलेल्या जागेत, सुईवाटे हाडाचं सिमेंट भरलं. तिचं दुखणं थांबलं. याला पुढे व्हर्टिब्रोप्लास्टी हे नाव मिळालं. पेशंट पालथा झोपतो. जागा बधिर करतात, थोडी गुंगी देतात. एक्स-रेच्या पडद्यावर बघत दोन-तीन मिलिमीटर जाडीची सुई मणक्यात उतरवतात आणि टूथपेस्टइतपत घट्ट झालेलं सिमेंट हळूहळू सोडतात. काही मिनिटांत ते दगड होतं. टाका नाही, आणि बहुतेक पेशंट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. मणका दबून बसला असेल तर आधी आत बारीक फुगा फुगवून जागा करतात, मग भरतात. ती कायफोप्लास्टी. कर्करोगाने मोडलेल्या मणक्यांच्या 134 पेशंटांवरचा तिचा तौलनिक अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. कायफोप्लास्टी झालेल्यांची हालचाल महिन्याभरातच ती न झालेल्या गटापेक्षा स्पष्टपणे सुधारली होती.

इथे एक खुलासा. 2009 साली दोन अभ्यासांत व्हर्टिब्रोप्लास्टी आणि लुटुपुटूची सुई यांचा परिणाम सारखाच निघाला, आणि या उपचाराचं बरंच हसं झालं. ते पेशंट ठिसूळ हाडांचे होते, कर्करोगाचे नव्हते. ठिसूळ हाड बरेचदा आपसूक सांधतं, गाठीने खाल्लेलं हाड सांधत नाही. दोघांना एका तराजूत घालणं चूक आहे. तसंच सिमेंट म्हणजे कर्करोगावरचा इलाज असं समजणंही चूक. सिमेंट मणक्याला टेकू देतं, गाठ मारत नाही.

गाठ मारायची साधनं वेगळी. त्याच सुईच्या वाटेने तार घालून रेडिओलहरींनी गाठ आतून भाजतात, किंवा उणे चाळीस अंशांखाली गोठवतात. गोठवण्याचा फायदा असा की बर्फाचा गोळा सीटी स्कॅनवर दिसतो, मज्जारज्जूपासून किती दूर आहे ते डोळ्यांनी कळतं. आणि जिथे सुईही नको तिथे नेमक्या जागी एकवटलेले किरण. नेहमीच्या पद्धतीत पाच दिवसांत 20 ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) देतात. या पद्धतीत दोन बैठकांत 24 ग्रे बसवतात. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या पेशंटांवर झालेली तुलना 2021 साली आली. तीन महिन्यांनंतर दुखणं पुरतं थांबलेले पेशंट नव्या पद्धतीत 35 टक्के, जुन्या पद्धतीत 14 टक्के.

हे सगळं शनिवारी संध्याकाळी तिच्यासाठी उघडं आहे. ती पिशवी घेऊन बसमध्ये चढते.

रविवार, पहाटे २. बावन्न तास.

आडवं पडलं की दुखतं, उठून बसलं की कमी होतं. ती भिंतीला टेकून बसून रात्र काढते. गेले दोन आठवडे हेच चाललं आहे.

झीज झालेली पाठ निजल्यावर सुखावते. गाठ असलेली पाठ निजल्यावर ठणकते. एवढा एक फरक घराघरात माहीत झाला तरी पुष्कळ होईल. स्कॉटलंडमध्ये मज्जारज्जू दाबला गेलेल्या 319 कर्करोग पेशंटांची पाहणी झाली, तिचा अहवाल 2002 साली आला. 94 टक्के पेशंट दुखण्याची तक्रार आधीपासून करत होते, साधारण तीन महिने. निदान झालं तोवर 82 टक्क्यांना एक तर चालताच येत नव्हतं किंवा आधाराशिवाय येत नव्हतं. दुखण्याची जागा आणि दाबाची जागा यांचा मेळही क्वचितच बसत होता. म्हणजे शरीर तीन महिने सांगत होतं. आपली बाई काही अपवाद नाही.

रविवार, दुपारी १२. बेचाळीस तास.

तयेचा उपास. नेवऱ्या लाटायला जमिनीवर बसलेली बाई हात टेकल्याशिवाय उठू शकत नाही. उंबरा ओलांडताना उजवा पाय अडखळतो. शेजारीण म्हणते, "वाताचं आहे गो, तेल लावून चोळून घे." चोळणाराही गावात आहे.

पोखरलेल्या मणक्यावर अंगठ्याचा दाब देऊ नये, हे चोळणाऱ्याला कोण सांगणार? धारगळला 2022 पासून केंद्र सरकारची आयुर्वेद संस्था उभी आहे. तिथला वैद्यसुद्धा कर्करोगाचा इतिहास ऐकल्यावर तेलाच्या बाटलीला हात न लावता आधी एमआरआय मागेल.

रात्रीतून मागची भिंत फुटली आहे. गाठ मज्जारज्जूच्या आवरणाला टेकली आहे. शिरा दबल्या, रज्जूला सूज येऊ लागली. ही सूज अजून परतवता येते. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड त्यासाठीच देतात, आणि तेवढ्या एका इंजेक्शनाने काही तास हाती लागतात.

सुईचं दार मात्र या दुपारी बहुतांशी लागलं. फुटक्या भिंतीच्या मणक्यात दाबाने सिमेंट भरलं तर गाठच मागे रज्जूवर ढकलली जाण्याची भीती. आता लागेल ती छोटी शस्त्रक्रिया: रज्जूभोवती दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा करायची, वरखालच्या मणक्यांत कातडीतूनच स्क्रू बसवून सळीने आधार द्यायचा, आणि उरलेली गाठ नेमक्या किरणांवर सोपवायची. पूर्वी असे पेशंट छाती उघडून तासन्‌तास टेबलावर असत. आता काही सेंटिमीटरचे छेद पुरतात. काल मिलिमीटर होते, आज सेंटिमीटर झाले.

त्याच दुपारी डिचोलीत एक बाप्या अंगणात खुर्ची टाकून बसला आहे. 2012 साली खाणी थांबल्या तोवर त्याने खनिजाचा टिप्पर हाकला. 2018 साली त्या पुन्हा थांबल्या तेव्हा त्याने गाडी विकून टाकली. पाठ धरली तेव्हा सगळे म्हणाले, टिप्परची पाठ. पण मुलगी त्याला डिचोलीच्या सरकारी आरोग्य केंद्रात घेऊन गेली आणि दारातच म्हणाली, "बाबांना फुप्फुसाचा कर्करोग आहे, आणि आता उभं राहिलं की पाठ दुखते." या एका वाक्यावर चक्रं फिरली. एमआरआयमध्ये दुसरा कंबरमणका चेपलेला, रज्जूची नळी मोकळी. मणका कितपत डळमळीत आहे हे ठरवायला 2010 पासून अठरा गुणांची एक मोजपट्टी आहे: सहापर्यंत स्थिर, तेरापासून पुढे अस्थिर. त्याचे गुण मधल्या पट्टीत भरले. सुईने गाठ भाजली, सिमेंट भरलं, दुसऱ्या दिवशी तो पायांनी चालत घरी आला. कर्करोग आहेच. त्याची केमोही चालूच आहे. पण माटोळी बांधायला शिडीवर मुलाला चढवून खालून सूचना देतो आहे.

दोघांत फरक पैशाचा नाही. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड दोन्ही घरांत आहे. फरक त्या दारातल्या वाक्याचा.

रविवार, रात्री ९. तेहतीस तास.

तळपायांना जमीन कळत नाही. "कापसावर चालल्यासारखं वाटतं," ती नवऱ्याला सांगते. तो म्हणतो, दिवसभर उपाशी आहेस.

सोमवार, सकाळी ८. बावीस तास.

चवथ. गणपती आसनावर बसला, भटजी आले. मुंबईहून आलेला दीर तिला बघून म्हणतो, "वहिनी, हे बरं लक्षण नाही." घरात बोलणी होतात. आज सुट्टी, उद्या सुट्टी, बुधवारी ओपीडी. नाहीतर गणपती झाले की सरळ रेल्वेने परळला टाटाला जाऊ, जुने कागद तिथेच आहेत.

घटनाक्रमातली सर्वांत महाग चूक ही आहे, आणि ती प्रेमळ, समजूतदार माणसांनी मिळून केली. ओपीडी बंद असते, कॅज्युअल्टी बंद नसते. म्हापशाचं जिल्हा इस्पितळ आणि बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) चवथीच्या दिवशीही उघडी असतात. पेडण्याहून कोलवाळचा पूल, म्हापसा, मांडवीवरचा अटल सेतू आणि बांबोळी: सारं मिळून चाळीसेक किलोमीटर. सणाच्या सकाळी रस्ता मोकळा. 1842 साली पोर्तुगीजांनी सुरू केलेल्या वैद्यकशाळेचा वारसा सांगणाऱ्या या इस्पितळात एमआरआय आहे, न्यूरोसर्जन आहेत. एका तासाचं अंतर. त्यासमोर परळची रात्रभराची बैठी गाडी! डळमळीत कण्याला त्याहून वाईट प्रवास सुचवणं कठीण.

ब्रिटनच्या आरोग्यव्यवस्थेचे नियम याबाबत रोखठोक आहेत. कर्करोगाचा पेशंट, पाठदुखी आणि पायांत बदल हे तिन्ही एकत्र दिसलं की चोवीस तासांच्या आत पूर्ण कण्याचा एमआरआय. सणवाराची सवलत त्यात नाही.

सोमवार, दुपारी ३. पंधरा तास.

खतखतं, पातोळ्या, पंगत. ती सकाळपासून लघवीला गेलेली नाही. तिला लागलीही नाही. पोट तळाशी फुगलं आहे आणि दुखत नाही, हे अधिक वाईट. मूत्राशयाचा मेंदूशी संपर्क तुटत चालला आहे. हे लक्षण उशिरा येतं, आणि ते आल्यावर पाय परत मिळण्याची आशा झपाट्याने उतरते. बायका हे घरच्या पुरुषांना सांगत नाहीत. पाव्हण्यांच्या घरात तर नाहीच.

सोमवार, रात्री ११. सात तास.

आरती, भजन, फुगड्या. न्हाणीघराच्या वाटेवर ती पडते. धाकटा मुलगा उचलून खाटेवर ठेवतो. काखेत हात घालून, पाय लोंबकळत. ताठ फळीवर सरळ ठेवायला हवं होतं, पण हे त्याला कोणी कधी शिकवलं?

रज्जूची सूज आता परतीच्या पलीकडे निघाली आहे. आधी फक्त शिरा दबल्या होत्या. आता रक्त नेणाऱ्या बारीक रोहिण्या दबतात. रक्त न मिळालेला रज्जू मरतो आणि मेलेला भाग स्टेरॉइडने उठत नाही. तीन महिने चाललेला आजार शेवटच्या काही तासांत धावतो तो यामुळे.

मंगळवार, सकाळी ६. शून्य.

ती जागी होते आणि पाय हलत नाहीत. बेंबीच्या वरपर्यंत चिमटा काढला तर कळत नाही.

आता 108 ला फोन जातो. साठ तासांत पहिल्यांदा. रुग्णवाहिका येते, तिच्यात सरळ झोपवण्याची सोय असते, ती वेळेत बांबोळीला पोचते. स्टेरॉइड, लघवीची नळी, एमआरआय. डी-आठ कोसळलेला, रज्जू चेपून पातळ झालेला.

यापुढच्या घड्याळावर केंटकी विद्यापीठाच्या रॉय पॅचेल यांचा अभ्यास काही सांगतो. 2005 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला, 101 पेशंटांचा. एका गटाला शस्त्रक्रिया करून रज्जू मोकळा केला आणि मग किरणं दिली, दुसऱ्याला नुसती किरणं. पहिल्या गटात 84 टक्के चालते राहिले, दुसऱ्यात 57. चालणं टिकलं ते मध्यमानाने 122 दिवस विरुद्ध 13 दिवस. फरक इतका मोठा निघाला की अभ्यास मध्येच थांबवावा लागला. भरती होतानाच चालता न येणाऱ्यांपैकी शस्त्रक्रियेने 62 टक्के पुन्हा चालले, नुसत्या किरणांनी 19 टक्के. मात्र पाय पूर्ण जाऊन अठ्ठेचाळीस तास उलटलेल्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. शिवाय ही आकडेवारी निवडलेल्या पेशंटांची: गाठीची जागा एक, तब्येत बरी, आयुष्य काही महिने तरी अपेक्षित. ती जशीच्या तशी आपल्या बाईला लावता येणार नाही.

तिच्यावर शस्त्रक्रिया होते. मिलिमीटरची नाही, सेंटिमीटरचीही नाही. पाठ मोठी उघडून, रक्ताच्या बाटल्या लावून, वरखाली स्क्रू आणि सळ्या. जखम भरल्यावर किरणं. दुखणं बरंच कमी होतं, बसता येतं. पाय परत येत नाहीत. लघवीची नळी कायमची. पुढची लढाई कर्करोगाशी कमी आणि पाठीवरच्या फोडांशी, लघवीतल्या जंतूंशी आणि खाट उंबऱ्यातून न जाणाऱ्या घराशी जास्त.

लहान छेदाच्या उपचारांची जाहिरात खासगी इस्पितळं बरीच करतात. 'टाका नाही, त्याच दिवशी घरी' हे खोटंही नाही. पण वाक्याचा अर्धा भाग ते गाळतात. लहान छेद हा लवकर आलेल्या पेशंटचा हक्क आहे, उशिरा आलेल्याला तो कितीही पैसे मोजून मिळत नाही. आणि लवकर येणं यंत्रावर अवलंबून नाही. पेडण्या-डिचोलीच्या दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरने पाठदुखीच्या प्रत्येक पेशंटला 'कधी कर्करोग झाला होता का' हा प्रश्न विचारला, तर त्याला खर्च शून्य. आधी कधी कर्करोग निघालाच नाही अशांनाही सूट नाही. गाठीने रज्जू दबलेल्या दर पाच पेशंटांतल्या एकाच्या कर्करोगाचा पहिला पुरावाच हा दबलेला रज्जू असतो.

तेव्हा घरात कोणाला कर्करोग होऊन गेला असेल, दहा वर्षांपूर्वी का होईना, तर एवढं लक्षात असू द्या. पाठदुखी रात्री आडवं पडल्यावर वाढते, छातीभोवती पट्टा आवळतो, पाय जड किंवा बधिर होतात, लघवी अडते: यातलं पाठदुखीबरोबर एकही दिसलं तर मालीश नको, मोटरसायकल पायलटच्या मागे बसवून नेणं नको, बुधवारची वाट नको. पेशंटला सपाट झोपवा, 108 लावा, जुने कागद बरोबर घ्या. आणि कॅज्युअल्टीत केसपेपर काढताना पहिलं वाक्य कर्करोगाचं सांगा, दुखण्याचं नंतर.